कोणाच्या दारावर जायचं?

सिन्नरहून आम्ही बोलतोय. आजचा विषय थोडा जड आहे, पण परका नाही. हातातलं निवडणं-टिपणं चालू ठेवा आणि ऐका.

माघातली गोष्ट. आमच्या गटाची मासिक बैठक होती. प्रार्थना झाली, हजेरी झाली, बचत गोळा झाली, दोन कर्जांचे हप्ते जमा झाले. सचिव इतिवृत्त लिहीत होती. तेवढ्यात एकीनं मोबाइल पुढं केला आणि म्हणाली, "अकोल्याच्या आजी गेल्या. आत्ता कळलं. जाऊन महिना होत आला."

सगळ्या गप्प झाल्या. दोघींनी डोळ्याला पदर लावला. थोड्या वेळानं कोणीतरी म्हणालं, "श्रद्धांजलीचा ठराव लिहून घ्या." सचिवानं पेन उचललं आणि तसंच थांबवलं. म्हणाली, "लिहिते. पण त्या आपल्या सभासद नव्हत्या. आपल्या गावच्या नाहीत, तालुक्याच्या नाहीत, जिल्ह्याच्याही नाहीत. आपल्यातल्या एकीनंही त्यांना कधी पाहिलेलं नाही. आणि नाव काय लिहू?"

नाव आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

चार वर्षं आम्ही त्या बाईच्या ओव्या ऐकत होतो, वहीत उतरवत होतो, म्हणत होतो. वहीत एकसष्ट ओव्या त्यांच्या आहेत. प्रत्येकीखाली एवढंच लिहिलंय, 'अकोल्याच्या आजी'. त्या दिवशी आम्हाला जितकं वाईट वाटलं, तितकीच लाज वाटली. या दोन्हींबद्दल आज बोलायचं आहे. त्यासाठी आधी हा ओव्यांचा नाद आम्हाला कसा लागला ते सांगतो.

आमच्या गावात एका लग्नात हळदीच्या आधी जातं पुजलं. सुवासिनी बसल्या, खुंट्याला हात लावला आणि ओवी कोणाला येईना. शेवटी पोरांनी मोबाइलवर गाणं लावलं. आमच्या गटात एक मावशी आहेत, सगळी उमर विड्या वळण्यात गेलेली. सिन्नरच्या घरोघरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया होत्या, त्यांतल्या त्या एक. त्या घरी आल्यावर म्हणाल्या, "जात्यापाशी मुक्यानं बसायची पाळी आली गं." त्यांना तीन ओव्या आठवल्या. दुसरीला दोन आठवल्या. तिथून वही सुरू झाली. बैठक संपली की अर्धा तास ओव्या, असं ठरलं. यात पैसा नाही, अनुदान नाही. आवड म्हणून चाललेलं काम.

पुढं बचत गटांच्या मालाच्या एका प्रदर्शनात आमच्या शेजारी अकोले तालुक्यातल्या एका गटाचं दुकान होतं. अकोले म्हणजे डोंगरापलीकडचा शेजार, पण जिल्हा दुसरा. त्या गटातली एक मुलगी म्हणाली, "माझ्या आजीला लई ओव्या येतात." तिनं आजीचा आवाज मोबाइलवर घेऊन पाठवायला सुरुवात केली. आम्ही आमच्याकडच्या ओव्या म्हणून तिकडं पाठवायचो.

आजी आधी खाकरायच्या. मग म्हणायच्या, "ऐका गं सिन्नरच्या लेकींनो." मागं कधी कोंबड्या, कधी कुकरची शिट्टी, पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस. ओवी म्हणून झाली की त्या आमच्या चुका काढायच्या. एकदा म्हणाल्या, "ही भाऊ येण्याची ओवी आहे, रडक्या गळ्यात कशाला म्हणता?" ओवीच्या चालीला जुन्या बाया गळा म्हणतात, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. कांदे लागले का विचारायच्या. आमच्यातल्या एकीचा गुडघा दुखतो, हे त्यांच्या ध्यानात असायचं. भेटायला जायचं दर वर्षी ठरायचं. कांद्याची लागवड उरकली की जाऊ, दिवाळी झाली की जाऊ. दोन तासांचा रस्ता. चार वर्षांत तो आमच्याच्यानं झाला नाही.

आता आपल्याकडची रीत बघा. माणूस गेलं की मातीला जातात. सावडायला जातात. दहावा होतो, तेरावा होतो. लांबची असली तरी बाई दारावर जाऊन येते. दारावर जाणं म्हणजे काय, तर ज्या घरात दुःख झालं त्या घरच्या बायांपाशी बसणं, गेलेल्याचे गुण आठवून रडणं. 'दारावर जाऊन आले का' हा प्रश्न आपण एकमेकींना किती वेळा विचारतो. पण दारावर जायला नातं लागतं, भावकी लागते, नाहीतर निदान शेजार लागतो. आमच्या गटातल्या एकीनं सरळ विचारलं, "त्या आपल्या कोण लागतात? आपण कोणाच्या दारावर जायचं?"

प्रश्न खोटा नव्हता. पण त्याचं उत्तर शोधताना आमच्या ध्यानात आलं की न पाहिलेल्या बाईशी गळा जुळणं ही आजची, मोबाइलमुळं आलेली गोष्ट नाही. आपल्याकडच्या बाया हे फार जुन्या काळापासून करत आल्या आहेत.

किती जुन्या? सुमारे ११२९ साली कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ लिहिला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत, हत्तींपासून गाण्यापर्यंत सगळं त्यात आहे. गाण्यांबद्दल सांगताना तो म्हणतो, की महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात. म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी राजवाड्यात बसलेल्या माणसाला आपल्या कांडणा-दळणाच्या गाण्याची खबर होती. त्या काळात आपला हा सिन्नरचा मुलूख यादवांकडं होता. यादव तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. पुढं भिल्लम पाचव्यानं स्वतंत्र राज्य केलं आणि राजधानी देवगिरीला नेली. त्यांच्या काळातलं गोंदेश्वराचं देऊळ आपण शिवरात्रीला बघतो. त्या देवळाचे दगड घडवणाऱ्या कारागिरांच्या घरीही पहाटे कोणीतरी कांडत, दळत असणारच. देऊळ आहे. दळणाऱ्या बायांपैकी एकीचंही नाव नाही.

ओवी पसरायची कशी, ते आपल्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा. जातं बहुतेक वेळा दोघींनी ओढायचं. समोरासमोर बसायचं, खुंट्याला दोघींचे हात, एकीनं मध्येच जात्यात वैरण घालायची. एकीनं ओवी धरायची, दुसरीनं उचलायची. जावा-जावा, नणंद-भावजय, सासू-सून, नाहीतर शेजारीण. लग्न होऊन मुलगी दुसऱ्या गावी गेली की माहेरच्या ओव्या तिच्याबरोबर जायच्या. तिकडच्या जात्यावर ती त्या म्हणायची, मग तिची जाऊ शिकायची, जावेच्या माहेरी जायच्या. अशा रीतीनं एका बाईची ओवी दहा गावं हिंडायची, आणि ती पहिल्यांदा बांधणारी बाई एका गावाबाहेर कधी गेलेली नसायची. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या ज्या ओव्या म्हणत होत्या, त्या बहुतेक न पाहिलेल्या बायांच्या होत्या. आपला भाऊ आठवून त्या रडायच्या, पण शब्द कोण्या दुसरीनं तिच्या भावासाठी बांधलेले असायचे.

लहानपणीच्या मैत्रिणींचंही तसंच. दोघी एका आळीत वाढायच्या, एकीला पूर्वेला दिलं, दुसरीला पश्चिमेला. पुन्हा भेट कधी होईल याचा भरवसा नसायचा. सासरच्या बाईला भावाच्या लग्नाला जायला मिळणं मुश्कील, तिथं मैत्रिणीला भेटायला कोण सोडतंय? एक गेली तर दुसरीला ते कळायला वर्ष लागायचं. तिचा दुखवटा कोणी धरायचा नाही, कारण मैत्रीण भावकीत बसत नाही. मग बाईचं दुःख जायचं कुठं? पहाटे जात्यापाशी. तिथं तिला कोणी विचारत नव्हतं की ती तुझी कोण लागते.

आता नावाकडं येतो. तेराव्या-चौदाव्या शतकातली जनाबाई परभणीकडच्या गंगाखेडची. दळण-कांडण करणारी बाई. विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, ही कथा आपल्या घराघरांत माहीत आहे. एवढ्या शतकांनंतर जनाबाई आपल्याला नावानिशी ठाऊक आहे, त्याचं एक मोठं कारण साधं आहे. अभंगाच्या शेवटी नाव घालायची रीत होती. नामयाची जनी असं ती स्वतःचं नाव घालायची. जात्यावरच्या ओवीला अशी सही नसते. ओवीत भावाचं नाव येतं, लेकाचं येतं, गावाचं येतं, देवाचं येतं. म्हणणारीचं येत नाही.

पुढं शिकलेल्या लोकांनी ओव्या गोळा केल्या. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या पुस्तकात शेकडो ओव्या छापल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी आयुष्यभर लोकसाहित्य जमवलं. इंदिरा संतांनी 'मालनगाथा' केली. या सगळ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. त्या काळी ओव्या विषयाप्रमाणं लावायची रीत होती. भाऊ-बहीण, आई-बाप, सासर-माहेर. वाचताना बाईचं मन कळतं, पण ही ओवी कोण्या गावच्या कोण्या बाईनं सांगितली, हे बहुतेक ठिकाणी कळत नाही. ओवी सगळ्यांची, मग नाव कशाला, असंच सगळ्यांना वाटायचं. आम्हालाही तसंच वाटत होतं.

नाव राहिलं तर काय होतं, त्याचं उदाहरण खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना त्या गाणी रचायच्या. घरोट म्हणजे जातं, त्याच्यावरही त्यांचं गाणं आहे. ती गाणी घरातल्यांनी उतरवून ठेवली होती. १९५१ च्या डिसेंबरात त्या वारल्या. त्यानंतर मुलगा सोपानदेव यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. घरात उतरवून ठेवणारं माणूस होतं म्हणून बहिणाबाई राहिल्या. ज्या घरात असं माणूस नव्हतं, तिथल्या बहिणाबाई किती गेल्या, याचा हिशोब कोण करणार?

मग गावात पिठाची गिरणी आली. आपण तिला नावं ठेवायची नाहीत. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईच्या खांद्याला विचारा गिरणीनं काय दिलं ते. पण जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवी म्हणायची जागाच राहिली नाही. ओव्या येणाऱ्या बाया होत्या, त्यांना म्हणायचं निमित्त राहिलं नाही.

नेमक्या त्याच काळात पुण्याकडं एक काम चालू झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी ते केलं. पॉइतवाँ मूळचे फ्रान्सचे, १९७२ मध्ये भारतात आले, पुण्यात राहिले, इथलेच नागरिक झाले. दोघं मुळशीसारख्या डोंगराळ भागातल्या गरीब लोकांच्या संघटनेबरोबर काम करत होते. बैठकीत बाया बोलायच्या नाहीत. पण ओवी म्हणा म्हटलं की सासर, दारू, गरिबी, लेकीचा जन्म, सगळं बाहेर यायचं. मग या दोघांनी आणि त्यांच्या साथीदारांनी ओव्या जमवायला घेतल्या. हे काम गावातल्या बायांनीही केलं. मुळशी तालुक्यातल्या नांदगावच्या कुसुम सोनवणे यांच्यासारख्या बाया स्वतः गायच्याही आणि दुसऱ्यांच्या ओव्या गोळाही करायच्या. वीसेक वर्षांत एक लाखाहून जास्त ओव्या कागदावर उतरल्या. एक हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया.

हा आकडा माहीत आहे, याचं कारण त्यांनी प्रत्येक ओवीबरोबर बाईचं नाव आणि गाव लिहिलं. आमच्या दृष्टीनं त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच.

१९९० नंतरच्या वर्षांत बर्नार्ड बेल नावाचे फ्रेंच संगीत अभ्यासक त्यांना येऊन मिळाले. त्यांनी संगणकावर सगळं नीट लावलं आणि बायांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. असे १२० तासांहून जास्त आवाज आहेत. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ मध्ये घेतलेला आहे. आम्ही तो बैठकीत ऐकला तेव्हा कोणी मध्ये बोललं नाही.

पॉइतवाँ २००४ मध्ये वारले, हेमाताई २०१० मध्ये. ज्यांनी हजारो बायांची नावं लिहून ठेवली, ती दोघंही गेली. पण त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनी ते तिथंच सोडलं नाही. बेल यांनी तो सगळा साठा फ्रान्समध्ये सांभाळला आणि पुढं पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' म्हणजे ग्रामीण भारताच्या संग्रहाकडं दिला. मार्च २०१७ पासून 'पारी'नं त्या ओव्या लोकांसाठी खुल्या करायला सुरुवात केली. नमिता वाईकर, आशा ओगले, जितेंद्र मैड, रजनी खळदकर ही मंडळी त्या कामात आहेत. ते वीस-वीस वर्षांनी पुन्हा त्या गावांना गेले. वहीतलं नाव घेऊन, ही बाई कुठं राहते, असं विचारत गेले. काही बाया भेटल्या, त्यांनी पुन्हा गाऊन दाखवलं. काही तोवर गेल्या होत्या.

मैत्रिणींनो, यात आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे. वहीत नाव आणि गाव होतं, म्हणून वीस वर्षांनीसुद्धा कोणाच्या दारावर जायचं ते त्यांना ठाऊक होतं. आम्हाला चार वर्षं रोजचं बोलणं असूनही ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट. बीड जिल्ह्यातल्या माजलगावला भीमनगर आहे. तिथल्या राधाबाई बोऱ्हाडे आणि इतर बायांच्या ओव्या याच संग्रहात आहेत. त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर कितीतरी ओव्या म्हटल्या आहेत. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. या बायांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या तेव्हा त्याला जवळजवळ चाळीस वर्षं होत आली होती. आपल्या गावातही सहा डिसेंबरला बघा. ज्यांच्या जन्माआधी बाबासाहेब गेले, त्या बायांचेही डोळे भरून येतात. ते आमचे बाप, ते आमचे भाऊ, असं त्या म्हणतात. ही मोठ्या माणसाची गोष्ट झाली आणि अकोल्याच्या आजी तुमच्या-आमच्यासारख्या साध्या बाई, हे आम्हाला कळतं. पण नात्याची रीत तीच आहे. ज्याच्यामुळं आपण थोडे वेगळे झालो, तो आपला लागतो. त्याला पाहिलं का, हा पुढचा प्रश्न.

आजींमुळं आम्ही काय वेगळे झालो? आमच्यात एक सून आहे, ती चार वर्षांपूर्वी हजेरीला 'हजर' एवढंच म्हणायची. ती आज तालुक्याच्या मेळाव्यात उभी राहून ओवी म्हणते. मावशींनी विड्यांचं सूप खाली ठेवल्यावर, आता आपला काय उपयोग, असं धरलं होतं. आता पोरी त्यांच्या घरी शिकायला येतात. हे आजींनी केलं. मग दुखवटा धरायला अजून कोणतं नातं पाहिजे?

त्या बैठकीत आम्ही नातीला फोन लावला. वाईट वाटलं असं सांगितलं आणि भीत भीत नाव विचारलं. ती म्हणाली, "थांबा, आधार कार्ड बघून सांगते. आम्ही आजीच म्हणायचो. बाबा आई म्हणायचे, आई आत्याबाई म्हणायची. नावानं हाक मारणारं कोणी राहिलंच नव्हतं." तिनं कार्डावरचं नाव सांगितलं. मग संध्याकाळी तिचाच फोन आला. घरात विचारल्यावर कळलं होतं, की ते सासरचं नाव. लग्नात बदललेलं. माहेरचं नाव वेगळं होतं आणि ते फक्त त्यांच्या धाकट्या भावाला माहीत होतं. बहुतेक ओव्या तर त्या माहेरीच शिकल्या होत्या. आम्ही दोन्ही नावं लिहून घेतली.

ठराव लिहिला तो असा: "आजच्या बैठकीत, अमुक गावच्या, सासरचं नाव अमुक, माहेरचं नाव अमुक, यांच्या निधनाबद्दल दुःख व्यक्त करण्यात येत आहे. त्यांनी गटाला ६१ ओव्या दिल्या. सर्वानुमते मंजूर." नावं ठरावात आहेत, इथं वगळून सांगतोय. घरच्यांनी वहीत लिहायला होकार दिला आहे, रेडिओवर घ्यायचं का ते घरातल्या मोठ्यांना विचारून कळवणार आहेत. त्यांचा होकार आला की आम्ही नक्की घेऊ. विचारल्याशिवाय नाही.

फाल्गुनात, होळीच्या आधी, आम्ही सातजणी जीप करून गेलो. दारावर गेलो. तेरावा होऊन किती दिवस झालेले, तरी गेलो. सुनेनं आम्हाला ओळखलं नाही. आम्ही सांगितलं, सिन्नरच्या. त्यांनी आमच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "त्या सिन्नरच्या होय? आत्याबाई म्हणायच्या, माझ्या सिन्नरच्या लेकी येणार आहेत." त्यावर आम्हाला बोलायला तोंड राहिलं नाही. मग सगळ्याच रडलो, जसं दारावर रडतात तसं.

पडवीच्या कोपऱ्यात जातं होतं. त्याच्यावर पाण्याचा जार ठेवलेला. आमच्यातल्या एकीनं वही काढली आणि आजींच्या ओव्या वाचायला घेतल्या. चौथ्या-पाचव्या ओवीला सूनबाई मध्येच म्हणाल्या, "असं नाही. त्या असं नव्हत्या म्हणत." आणि त्यांनी दुरुस्त करून सांगितलं. आम्ही विचारलं, तुम्हाला येतात का ओव्या? त्या म्हणाल्या, "मला कुठं येतात! तीस वर्षं कानावर पडल्या तेवढंच." त्या दिवशी त्यांनी आमच्या अकरा ओव्या दुरुस्त केल्या. वहीत त्या अकरा ओव्यांखाली आता त्यांचंही नाव आहे.

मैत्रिणींनो, बोलणं लांबलं. तुमच्या गटातही असं कोणाचं तरी काही चालत आलं असेल. कोणाची ओवी, कोणाचं लोणचं, कोणाच्या हातचं गोधडीचं टाक्याचं काम, कोणाचं जुनं वाण. आपण म्हणतो, 'अमक्या गावच्या काकूंची पद्धत.' त्या काकूंचं नाव विचारून घ्या. आम्ही आमच्या वहीत आता पाच रकाने आखले आहेत. सासरचं नाव, माहेरचं नाव, गाव, कोणाकडून शिकली आणि आपण कधी लिहून घेतलं ती तारीख. लिहायच्या आधी त्या बाईला विचारा. तिला नको असेल तर लिहू नका. पण विचारा जरूर. आपलं नाव कोणी विचारलं नाही, अशा बाया आपल्या घरातच बसल्या आहेत.

आणि भेटायला जायचं असेल तर कांद्याची वाट बघू नका. कांदा दर वर्षी येतो.

पुढच्या वेळी आमच्या मावशी आजींच्या गळ्यातली एक ओवी म्हणून दाखवतील. भाऊ येण्याची आहे, रडक्या गळ्यात म्हणायची नाही. त्याची तालीम चालू आहे. तोवर नमस्कार.